चला, टेकडीवर बोलू

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. "मानत नव्हते, पण आता मानते" असं पुढे येईल म्हणून वाट बघत असाल तर ते येणार नाही. आजही मानत नाही. जे झालं ते झालं तसं लिहिते आहे, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

आमचं घर दापोडीचं, बौद्ध. पप्पा खडकीच्या एका कारखान्यात कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं. बुवांविरुद्ध, भानामतीविरुद्ध, कंत्राटदारांविरुद्ध. बाकीच्या मुली भातुकली खेळायच्या तेव्हा मी विहाराच्या ओट्यावर बसून पत्रकांना घड्या घालायचे. शाई ओली असायची, बोटं काळी व्हायची. मी वाचायला शिकले तीच "जाहीर निषेध" या शब्दांवर. गल्लीत कोणी म्हणालं, पिंपळाखाली पांढरी बाई दिसली, की पप्पा शांतपणे विचारायचे, "पाहिलं कोणी? साक्षीदार कोण?" या एका प्रश्नाने आमच्या भागातली निदान तीन भुतं कायमची गेली.

मी इंजिनिअर झाले आणि आयटीत लागले. कंपनीचं नाव लिहीत नाही. बाणेर आणि पाषाणच्या मधे जी टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी आमची काचेची बिल्डिंग होती. मागच्या गेटमधून बाहेर पडलं की वनखात्याचं तारेचं कुंपण, त्यात माणसांनी जाऊन येऊन पाडलेली फट, आणि तिथून वर जाणारी पायवाट. गिरिपुष्प, सुबाभूळ, मधेच कडुनिंब. दहा-बारा मिनिटं चढलं की एक जुनी दगडखाण लागते. बरीच वर्षं बंद आहे. खाली हिरवं पाणी, तीन बाजूंनी सरळ कापलेला काळा दगड. पायवाट खाणीच्या काठाने वळते आणि तिथे इतकी अरुंद होते की दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. हे वळण लक्षात ठेवा.

जेवण झाल्यावर टेकडीवर चक्कर मारायची सवय मला शालिनीताईंनी लावली. शालिनी मेश्राम, आमच्या टीममधल्या सीनियर टेस्टर. मूळच्या भंडाऱ्याच्या, वय चाळिशीच्या आसपास, बोलणं अजून तिकडचंच. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "ऑफिसमागे जंगल आहे, किती लकी ना आपण!"

"याले जंगल म्हणते का वं तू?" त्या म्हणाल्या. "आमच्या भंडाऱ्यात याले कुंपण म्हणतात."

दीडला निघायचं, सव्वादोनला जागेवर. त्या पुढे, मी मागे. पळस कुठला, पक्षी कुठला, हे सगळं मला त्यांनीच दाखवलं. घरचं फारसं बोलायच्या नाहीत. एवढंच माहीत होतं की त्यांच्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या आहेत, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवारी आणि शुक्रवारी. ते सगळं कंपनीच्या मेडिक्लेमवर चालायचं. त्या दोन दिवशी त्या चारला निघायच्या आणि बाकीच्या दिवशी आठपर्यंत बसून भरून काढायच्या.

आता निनाद. आमचा डिलिव्हरी मॅनेजर. अस्सल पुणेकर, आवाज कधी चढायचा नाही. कोणी पाच मिनिटं उशिरा आलं की म्हणायचा, "या, या. आपण आलात म्हणजे आता दिवस सुरू करायला हरकत नाही." सगळे हसायचे. मीही हसायचे.

मग मंदीचं वर्ष आलं. अमेरिकेत काय काय बुडालं आणि त्याचे हादरे बाणेरपर्यंत आले. कंपनीने जाहीर केलं, आम्ही कोणाला काढणार नाही. आणि खरंच, कोणालाच काढलं नाही. त्याऐवजी निनाद लोकांना फिरायला न्यायला लागला.

दुपारी दीडच्या सुमाराला तो कोणाच्या तरी डेस्कपाशी यायचा. "चला, टेकडीवर बोलू. फोन राहू द्या इथेच ड्रॉवरमध्ये, जरा निवांत चालू." सुरुवातीला आम्हाला कौतुक वाटलं. काय मस्त मॅनेजर, केबिनमध्ये बोलवत नाही, मोकळ्या हवेत नेतो! मग लक्षात आलं, की वर जाताना दोघं शेजारी शेजारी चालत जातात आणि उतरताना निनाद पुढे असतो, दुसरा वीसेक पावलं मागे. तो दुसरा जागेवर येतो, दोन ओळींचा मेल लिहितो — वैयक्तिक कारणांमुळे राजीनामा देत आहे — आणि संध्याकाळपर्यंत त्याचा डेस्क रिकामा. पॅन्ट्रीच्या खिडकीतून पायवाट दिसायची. लोक चहाचे कप घेऊन तिथे उभे राहायचे, कोण चाललंय बघायला. ऑफिसात शब्दच रूढ झाला होता : "त्याला टेकडीवर नेला."

वर काय बोलणं होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. कागद नाही, फोन नाही, तिसरा माणूस नाही. गेलेले लोक सांगायचे नाहीत. त्यांना लाज वाटायची, हे मला खूप उशिरा कळलं.

एका बुधवारी निनाद शालिनीताईंच्या डेस्कपाशी आला.

त्या परत आल्या तेव्हा चपलांना लाल माती होती. बसल्या, मेल लिहिला, डबा पिशवीत ठेवला. मी धावत गेले. "ताई, काय झालं? काय म्हणाला तो?"

"काही नाही. मीच दिला."

"असं कसं? तुम्ही? काकांच्या डायलिसिसचं काय?"

माझ्याकडे त्यांनी जरा वेळ बघितलं. मग डब्यातला उरलेला अर्धा लाडू माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "खाऊन घे. जाते मी."

शुक्रवारी त्या नवऱ्याला घेऊन हॉस्पिटलात गेल्या. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, कार्ड बंद आहे. राजीनाम्याच्या दिवशीच मेडिक्लेम बंद झाला होता. त्यांनी सरकारी दवाखान्यात नंबर लावला, तिथे रांग. आठवड्यातून दोनदा होणारं डायलिसिस एकदाच होऊ लागलं. मी भेटायला गेले तेव्हा काका पलंगावर बसले होते, पाय सुजून सतरंजीच्या गुंडाळीसारखे झाले होते, आणि मला विचारत होते, "तुमच्या ऑफिसात एसी फार थंड असतो म्हणे?"

तिथून निघाले तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. न्याय वगैरे नव्हे. मला निनादला रडताना बघायचं होतं.

एचआरकडे गेले. तिथल्या मॅडम गोड बोलल्या. "प्रज्ञा, रेझिग्नेशन त्यांच्या स्वतःच्या आयडीवरून आलंय. व्हॉलंटरी आहे. जबरदस्ती झाली म्हणतेस, तर कोणी पाहिलं का? कोणी ऐकलं?"

रात्री जेवताना पप्पांनीही तेच विचारलं. "कामगार आयुक्तांकडे जाऊ. मी येतो सोबत. पण पोरी, साक्षीदार कोण?"

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या प्रश्नाचा राग आला.

मग मला जे येत होतं ते मी केलं. एक पानाचं पत्रक लिहिलं. मथळा : "टेकडीवर काय घडतं?" प्रिंट काढून लेडीज टॉयलेटमध्ये, लिफ्टमध्ये, कॉफी मशीनवर चिकटवलं. तासाभरात सगळी काढली गेली, पण तेवढ्यात सगळ्यांनी वाचली होती. नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती, आमच्या मजल्यावर असलं मराठी लिहिणारी मी एकटीच.

दुपारी एकटीच टेकडीवर जायचे. चालताना मनातल्या मनात निनादला शिव्या द्यायचे, एकेक शब्द घासूनपुसून.

पुढच्या मंगळवारी… पावणेदोन वाजले असतील. डोक्यावर ऊन, आभाळ स्वच्छ. मी खाणीच्या वळणावर पोचले आणि मला निनादचा आवाज आला.

अगदी स्पष्ट. दहा फुटांवरून यावा तसा. "शालिनी, आपण जरा प्रॅक्टिकल होऊ."

मी झुडपाआड झाले. वाटलं, हा इथे आहे, फोनवर बोलतोय. डोकावून पाहिलं. वळणावर कोणी नाही. पायवाट पुढे सरळ दिसते, तिथे कोणी नाही. खाली पाणी, पाण्यावर शेवाळ. आणि आवाज चालूच. त्याचा तो नेहमीचा, न चढणारा आवाज :

"टर्मिनेशन लागलं तर ते रेकॉर्डवर जातं. पुढे कुठे उभं करणार नाहीत तुम्हाला. त्यापेक्षा आपणहून द्या. मी लेटर चांगलं देतो. आणि मेडिक्लेमची काळजी करू नका, तीन महिने चालू ठेवतो. माझा शब्द. तुमच्या मिस्टरांची मलाही काळजी आहे…"

इथे थांबला. एक साळुंकी ओरडली. नंतर काही नाही.

मी धावत खाली आले. निनाद काचेच्या कॉन्फरन्स रूममध्ये होता. बाहेरच्या मुलाला विचारलं, हे कधीपासून आत आहेत? तो म्हणाला, "एक वाजल्यापासून. जेवणही आतच मागवलं."

मी पप्पांची मुलगी आहे, लगेच भूतबित म्हणाले नाही. जागेवर बसून कारणं लिहून काढली. एक, मला भास झाला. दोन, खाणीत आवाज घुमतो, दुसरीकडचं बोलणं ऐकू आलं. तीन, कोणीतरी खोड काढतंय. यातलं पहिलं तपासायला एकच मार्ग होता. मी जिन्यात जाऊन शालिनीताईंना फोन लावला.

"ताई, खरं सांगा. निनाद तुम्हाला म्हणाला होता का, मेडिक्लेम तीन महिने चालू ठेवतो म्हणून?"

"तुले कोणं सांगितलं?"

"म्हणाला होता का?"

"…होय. माझा शब्द, म्हणाला." आवाज एकदम खाली गेला. "मी इश्वास ठेवला ना वं. शिकली सवरली बाई मी. कोणाले सांगू?"

म्हणजे भास नव्हता. जी गोष्ट मला माहीत नव्हती, ती मला त्या वळणावर कळली होती.

दुसऱ्या दिवशी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून गेले. आवाज आला, तेवढाच, तसाच, तिथेच थांबला. रेकॉर्डिंगमध्ये वारा आणि साळुंकी. माझा श्वास सुद्धा आहे. निनाद नाही. रविवारी पप्पांना घेऊन गेले. ते पाऊण तास खाणीच्या काठावर उभे राहिले, हात मागे बांधून. मीही. काहीच ऐकू आलं नाही, दोघांनाही. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरी, तू खोटं बोलत नाहीस ते मला माहीत आहे. पण हे घेऊन आपल्याला कुठेच जाता येणार नाही."

बरोबर होतं त्यांचं. आणि तिकडे काकांच्या चेहऱ्यावरही सूज यायला लागली होती.

त्या गुरुवारी निनाद माझ्या डेस्कपाशी आला.

"चला प्रज्ञा, टेकडीवर बोलू. फोन राहू द्या."

मी फोन ड्रॉवरमध्ये टाकला. उठले. पॅन्ट्रीच्या खिडकीत चहाचे कप जमलेले मला न बघताही कळत होते. तुम्हाला वाटेल मी घाबरले होते. नाही. मी त्या दिवशी चप्पल न घालता बूट घालून आले होते, कारण आज तो येणार असं मला सकाळपासून वाटत होतं. मला आनंद झाला होता.

चढताना त्याने सुरुवात केली. "आपलं पत्रक वाचलं. भाषा छान आहे. हल्ली इतकं स्वच्छ मराठी कोण लिहितं? आपण आयटीत उगाच आलात."

"तुम्हाला आवडलं ना? अजून लिहिणार आहे."

"लिहा की. वेळच वेळ मिळेल आता."

वळण जवळ आलं. इतर वेळी तो काठावर न जाता अलीकडच्याच सपाट दगडापाशी थांबायचा, हे मी खिडकीतून पाहिलं होतं. मी थांबले नाही. "पुढे सावली आहे," म्हटलं आणि चालत राहिले. तो मागून आला. अरुंद वळणावर मी बाजूला झाले, त्याला पुढे जाऊ दिलं आणि परतीची एकुलती एक वाट अडवून उभी राहिले.

"हं, बोला," मी म्हटलं.

तो तोंड उघडणार, तेवढ्यात त्याचाच आवाज आला.

"शालिनी, आपण जरा प्रॅक्टिकल होऊ."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढ्यासाठीच तर आले होते. आधी त्याने मागे पाहिलं, मग खाली, मग माझ्या हातांकडे. हात रिकामे होते. मी ते पुढे करून दाखवले.

"कोण आहे? काय लावलंय हे? प्रज्ञा, बंद करा."

"मी काहीच लावलेलं नाही. ऐका ना. निवांत."

"बाजूला व्हा!"

"संपेपर्यंत नाही."

त्याचा तोल गेला असता तर खाली चाळीस फूट होतं. मी लिहू नये, पण लिहिते. एक धक्का पुरला असता. हे वळण खिडकीतून दिसत नाही, कोणी पाहिलं नसतं. टेकडी त्यानेच तशी निवडली होती, साक्षीदार नसलेली. माझे पुढे केलेले हात अजून तसेच होते. काकांचे पाय डोळ्यांसमोर होते. आणि तेवढ्यात तो आवाज, जो माझ्यासाठी नेहमी "मलाही काळजी आहे" इथे थांबायचा, तो थांबला नाही. पुढे गेला.

"…आणि हे माझं एकट्याचं मत नाही. तुमच्या टीममधूनच आलंय. प्रज्ञानेच सांगितलं मला. ताई मंगळवार-शुक्रवार चारला जातात, मग सगळं माझ्यावर येतं, म्हणाली."

माझे हात खाली आले.

मी म्हणाले होते. अप्रेझलच्या वेळी, सहा महिन्यांपूर्वी, निनादच्या केबिनमध्ये, बिस्किट खात. त्याने विचारलं होतं, कामाचा ताण वाटतो का? आणि मी हसत हसत ते वाक्य बोलले होते. आठपर्यंत बसून त्या भरून काढतात, हे बोलले नव्हते. विसरूनही गेले होते. इतकी विसरले होते की त्याच बाईसाठी मी पत्रक काढलं.

मग तिथे शालिनीताईंचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. रडका नव्हता. टेकडीवर पळस दाखवतानाचा आवाज.

"नाही. मी देत नाही राजीनामा. तुम्हाला काय बोलायचं ते खाली चला आणि सगळ्यांसमोर बोला."

निनाद ओरडला. आवाज न चढवणारा माणूस, गळ्याच्या शिरा फुगवून ओरडला, "खोटं आहे! हे खोटं आहे! ती असं म्हणालीच नाही! ती एक शब्द बोलली नव्हती!"

"म्हणजे बाकीचं खरं," मी म्हटलं.

मग खाणीतून पुन्हा सुरू झालं, पहिल्यापासून, "शालिनी, आपण जरा…" आणि तो खाली बसला. चांगल्या इस्त्रीच्या पँटसकट, लाल मातीत. दोन्ही कानांवर हात. कानांवर हात ठेवून काही उपयोग होत नव्हता बहुतेक, कारण तो डोकं हलवत राहिला.

"काय पाहिजे तुम्हाला?" त्याने विचारलं. माझ्याकडे न बघता. मला विचारलं की खाणीला, ते माहीत नाही. उत्तर मी दिलं.

"मेल. तुम्ही तिला काय सांगून लिहून घेतलं, ते सगळं. एचआरला, वरच्यांना, सगळ्यांना. आत्ता. मेडिक्लेम त्या बुधवारपासून परत चालू. नाहीतर तुमच्या केबिनच्या खिडकीतून ही टेकडी दिसते, निनाद. रोज दीड वाजणार आहेत."

मी वाट सोडली. तो उठून निघाला, जवळजवळ पळत. आणि त्या दिवशी उतरताना पुढे तो नव्हता असं नाही, पुढे तोच होता, पण खिडकीतल्या लोकांनी मला नंतर सांगितलं की त्याच्या अंगाला मागून माती लागली होती आणि मी वीस पावलं मागून हात मागे बांधून, सावकाश येत होते. मला उशीर करायचा होता. ते दृश्य मला संपवायचं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मजा आली.

त्याने मेल पाठवला. चार ओळींचा, पण त्यात सगळं होतं. "राजीनामा माझ्या दबावामुळे आणि चुकीच्या आश्वासनावर दिला गेला." एवढं लेखी आल्यावर एचआरच्या मॅडमचा गोडवा गेला आणि काम सुरू झालं. आठवड्याच्या आत शालिनीताईंचा राजीनामा रद्द झाला, मेडिक्लेम मागच्या तारखेपासून चालू झाला. काकांचं डायलिसिस परत मंगळवार-शुक्रवार. सूज उतरायला पंधरा दिवस लागले. आधी गेलेल्यांपैकी चौघांनी त्या मेलची प्रत घेऊन आयुक्तांकडे तक्रार केली. सोबत पप्पा होते.

निनादने नंतर वर सांगितलं की मी खाणीत टेपरेकॉर्डर लपवला होता. सिक्युरिटीची दोन माणसं दोरी लावून खाली उतरली. त्यांना एक चप्पल आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या सापडल्या. महिन्याभरात निनादने स्वतःच राजीनामा दिला. वैयक्तिक कारणांमुळे. त्याच्या केबिनच्या खिडकीचा पडदा शेवटपर्यंत बंद होता, दुपारी आत ट्यूब लावून बसायचा.

शालिनीताई एका सोमवारी परत आल्या. दीड वाजता पर्स उचलून म्हणाल्या, "चाल." त्या पुढे, मी मागे. कडुनिंबाशी आलो तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. आवाज, खाण, निनाद. आणि अप्रेझलमधलं ते वाक्य.

त्या म्हणाल्या, "माहीत आहे मले. त्यानं तुझं नाव सांगितलं ना तेव्हाच."

"तेव्हाच? मग… त्या दिवशी मला लाडू दिलात. मला काही बोलला का नाहीत?"

"बोलली असती, तर तू शरमून घरात बसली असती. लढली असती का माझ्यासाठी?"

अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि मी काय बोलली म्हणे त्या खाणीत?"

मी शब्दन् शब्द सांगितला. नाही, मी देत नाही राजीनामा. खाली चला आणि सगळ्यांसमोर बोला.

त्यांचा चेहरा बदलला. शेजारच्या झाडाला हात लावून उभ्या राहिल्या.

"प्रज्ञा," त्या म्हणाल्या, "मी नाही बोलली हे. निनाद खरं बोलत होता. मी मान हलवली फक्त. तोंडातून शब्दच निघाला नाही माझ्या."

"मग हे—"

"मनात म्हटलं होतं. हेच. असंच, असल्याच शुद्ध भाषेत, त्याले समजावं म्हणून मनात जुळवून ठेवलं होतं. कोणाले सांगितलं नाही. नवऱ्याले पण नाही."

आम्ही त्या दिवशी वळणापर्यंत गेलो. अर्धा तास उभ्या होतो. काही ऐकू आलं नाही. त्यानंतर आजपर्यंत कधीच नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. हे वाचून कोणी म्हणेल प्रतिध्वनी, कोणी म्हणेल ताण, कोणी म्हणेल टेप. बोललेल्या शब्दांपुरतं मी तुमचं ऐकून घेईन. न बोललेलं वाक्य दोन माणसांना भर दुपारी कसं ऐकू आलं, ते मला सांगा. मी पप्पांना विचारलं, ते अजून विचार करताहेत. मलाही कारण सापडलेलं नाही.

निनादच्या बाबतीत मला काडीचंही वाईट वाटत नाही. माफी मी एकाच माणसाची मागितली, त्या कडुनिंबाखाली. आम्ही अजून रोज दीड वाजता टेकडीवर जातो, ताई पुढे, मी मागे. पळस, पक्षी, काकांची तब्येत, सगळं बोलतात त्या माझ्याशी. माफ केलं, एवढं मात्र त्या अजून म्हणालेल्या नाहीत. मनात म्हणाल्या असतील, तर ते मला अजून तरी ऐकू आलेलं नाही.